तुम्ही विचारलंत म्हणून: दरवेळी केरीच का?

घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, "तुमच्या सावंतवाडीहून शिरोड्याचा वेळागरचा किनारा एवढा जवळ, तरी तुम्ही नदी ओलांडून गोव्यात केरीलाच का जाता?"

पहिलं कारण आई. तिचे गुडघे गेलेत, पण पाय खाऱ्या पाण्यात बुडवल्याशिवाय तिचं मन भरत नाही. वेळागरला लाट परतताना टाचांखालची वाळू घेऊन जाते आणि आई माझा दंड घट्ट धरून उभी राहते. तिला ना समुद्र बघता येतो, ना मला. केरीचा किनारा तसा उघड्या समुद्रावरच आहे, पण उत्तरेच्या टोकाला तो वळून तेरेखोल नदीच्या तोंडात शिरतो. समोर तेरेखोलचा डोंगर, मागे सुरूची झाडं. मोठी लाट बाहेर उथळ वाळूवरच फुटते आणि आत येते ती नुसती थरथर. तिथे खुर्ची टाकली की आई म्हणते, "हय बरा वाटता." मग तासभर ती काही बोलत नाही.

त्या तासात मी वाळूत बसते. ओहोटीनं ओल्या राहिलेल्या वाळूवर बोटाच्या पेराएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, चिमटीनं वाळू तोंडात घालतात, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं चोखून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. मोहरीएवढ्या गोळ्या, एकीपुढे एक, बिळापासून बाहेर फुटणाऱ्या किरणांसारख्या. सावली पडली की सगळे एका क्षणात गडप. हलायचं नाही, श्वासही जपून घ्यायचा, मग पुन्हा एकेक डोकावतो. भरतीची पहिली पाण्याची चादर आली की ही सगळी नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला ते नव्यानं मांडायला घेतात. मी हे कितीदा पाहिलं असेल, तरी अजून उठवत नाही.

पण शांत पाणी म्हणजे निर्धास्त पाणी, असं मी कुणालाच सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी भाच्याला घेऊन गेले होते. पौर्णिमा होती, दुपारचे अडीच-तीन वाजलेले. पाणी आरशासारखं. तो कमरेएवढ्या पाण्यात होता आणि बघता बघता माझ्यापासून लांब चालला. पोहत नव्हता, नुसता उभ्या उभ्या सरकत होता. मला वाटलं, खेळतोय. जाळं आवरत बसलेले एक म्हातारे मासेमार ओरडले, "बाय, पोराक फाटीं घे! उदक ओडटा!" मी धावले, त्याचा हात हाताला लागला म्हणून बरं. नंतर कितीतरी वेळ माझे पाय थरथरत होते. ते आजोबा रागावले नाहीत. शेजारी बसले आणि त्यांनी मला हिशेब सांगितला.

हिशेब आपल्या किनाऱ्यावरचा जुनाच. तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला पाणी भरलं आणि तिथून सहा-एक तास उतरत राहिलं. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं. खाडीत वरपर्यंत शिरलेलं ते सगळं पाणी, त्यात नदीचं स्वतःचं, अरुंद तोंडातून एकदम समुद्राकडे निघतं. ओढ सगळ्यात जास्त मधल्या तासांत, म्हणजे दुपारी दोन-तीनला, नेमके लोक जेवून पाण्यात उतरतात तेव्हा. लाट नसते म्हणून कुणाला संशयही येत नाही.

आता अष्टमी धरा. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी संपते, आणि दुपारभर पाणी सावकाश आत येत राहतं. ते दिवस भांगाचे, म्हणजे चढउतार उधाणाच्या मानानं कितीतरी कमी. म्हणून आम्ही अष्टमी किंवा नवमी बघून जातो. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना पेन्सिलीची खूण असते. पावसाळ्याचे चार महिने मात्र तिथी कुठलीही असो, पाण्यात पाय घालायचा नाही. आणि बरोबर लहान मूल असेल तर भांगालाही नदीच्या तोंडाकडच्या टोकाला मी त्याला गुडघ्याच्या वर उतरू देत नाही.

जाताना आम्ही शिरोडा-रेडीवरून तेरेखोल गाठतो. आरोंद्याला पूल आहे, गाडी किरणपाण्याहून थेट केरीला जाते, पण आईला फेरीबोट हवी असते. ही नदी वर बांद्याची म्हणून ओळखली जाते आणि खाली बराच भाग महाराष्ट्र-गोव्याची हद्द तीच. तेरेखोल गाव तेवढं नदीच्या अलीकडे असूनही गोव्याचं, कारण सावंतवाडीकर भोसल्यांचा तिथला किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी त्याच किल्ल्यात शिरून तिरंगा लावला होता. आईनं ती गोष्ट तिच्या वडिलांकडून ऐकलेली. धक्क्यावर थांबलो की ती वर तटाकडे बघून मला ती पुन्हा सांगते, आणि मी पुन्हा ऐकते.

गेल्या काही वर्षांत केरीचा किनारा झिजलाय. सुरूची झाडं मुळं उघडी पडून वाळूत आडवी झालेली दिसतात. दर पावसाळ्यानंतर वाळूचा दांडा वेगळाच आकार घेऊन वर येतो, त्यामुळे आईची खुर्ची कुठे ठेवायची हे दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीत नव्यानं ठरवावं लागतं. या वर्षीची जागा एका आडव्या खोडापासून दहा पावलांवर आहे. बाराला खुर्ची टाकली तेव्हा पाणी बरंच खाली होतं. चारपर्यंत ते आईच्या घोट्यांशी आलं. मी खुर्ची मागे घ्यायला उठले, तर तिनं हातानंच थांबवलं. साडीचा काठ ओला होत होता, तो तिनं वर उचलून मांडीवर घेतला आणि पाय होते तिथेच ठेवले.