देवगिरीची अंधारी, मिठाची पोती आणि वादाची वही : सेशन ११ ते १६

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे होऊन, फासे टाकत खेळायच्या कथाखेळातल्या आमच्या देवगिरी कॅम्पेनचे, म्हणजे सलग चालणाऱ्या कथेचे, सोळावे सेशन गेल्या रविवारी पार पडले. कथानक वेढ्याच्या पाचव्या दिवसापर्यंत आले आहे, पात्रे पाचव्या लेव्हलला पोहोचली आहेत आणि अकरा ते सोळा या सहा सेशनांचे, श्रोत्यांसाठी केलेले ध्वनिमुद्रण हाती आहे. त्यांपैकी तेराव्यापर्यंतचे संकलन झाले असून चौदावे मी एकदा पुरे करून पुन्हा उघडले आहे. ते का उघडावे लागले, हाच या नोंदीचा विषय आहे. नकाशे आणि पात्रांच्या छोट्या मूर्तींचे रंगकाम यांबद्दल या वेळी काहीही नाही, कारण या काळात माझा बहुतेक वेळ टेबलावरचे वाद ऐकण्यात आणि नंतर तेच वाद हेडफोन लावून पुन्हा ऐकण्यात गेला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतील माझ्या घराच्या मधल्या खोलीत आम्ही पाच जण बसतो. सूत्रधार मी आहे. म्हणजे कथा सांगणारा आणि नियमांचा निवाडा देणारा. एरवी आम्हीही ‘डीएम’ (डन्जन मास्टर) असेच म्हणतो, पण रेकॉर्डिंगमध्ये ‘सूत्रधार’ कानाला बरा लागतो. किल्लेदाराचे पात्र महसूल खात्यातून निवृत्त झालेले काका खेळतात, हेराचे पात्र खंडपीठात वकिली करणाऱ्या ताई खेळतात, जालन्याहून बसने येणाऱ्या शिक्षिका वैद्य होतात आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातला विद्यार्थी मशालजी होतो. काळ १२९६ चा आहे : अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला आहे, यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर बाहेर आहे आणि रामचंद्रदेव मोजक्या लोकांनिशी गडात कोंडले गेले आहेत. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये त्या नियमांचा मूलभूत संच, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाल्यामुळे त्यातील लागणारी पाने मी मराठीत उतरवून प्रत्येकाच्या हाती दिली. ॲडव्हान्टेजला (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणे) ‘सरशी’ आणि डिसॲडव्हान्टेजला (दोनांतला लहान घेणे) ‘पिछाडी’ असे शब्द आम्ही ठरवले. या भाषांतरानेच पुढे मला तोंडघशी पाडले.

अकराव्या आणि बाराव्या सेशनमध्ये माझा नियम साधा होता : वाद सुरू झाला की रेकॉर्डर थांबवायचा आणि मिटला की पुन्हा सुरू करायचा. हे दिसायला शहाणपणाचे असले तरी अनुभव उलटा आला. रेकॉर्डर बंद आहे म्हटल्यावर सर्वांना जणू मधली सुट्टी झाली, आणि खंदकात पडलेल्या मशालजीला दर दहा फुटांना एक सहा बाजूंचा फासा या हिशेबाने किती इजा व्हावी, हा दोन मिनिटांत सुटणारा प्रश्न पाऊण तास चालला. खंदक नेमका किती खोल, शेवाळलेल्या पाण्यात पडल्यास इजा निम्मी धरावी का, हे मुद्दे निघाले; मग काकांनी नोकरीतल्या एका विहिरीच्या पंचनाम्याची हकिगत सांगितली, ती ऐकण्यासारखी होती, पण ती कुठेच नोंदली गेली नाही. पुन्हा सुरुवात केल्यावर सर्वांचे आवाज थकलेले होते आणि ऐकणाऱ्याला मधल्या काळात काय घडले याचा काही पत्ता लागत नव्हता. बाराव्या सेशनमध्ये तर मी रेकॉर्डर पुन्हा सुरू करायलाच विसरलो आणि वीस मिनिटांचा उत्तम खेळ हवेत विरला.

म्हणून तेराव्यापासून खेळ थांबवतो, रेकॉर्डर थांबवत नाही. वाद सुरू झाला असे ज्याला वाटेल त्याने दोनदा टाळी वाजवायची, मिटल्यावर एकदा. ध्वनिपट्टीवर ही टाळी सुळक्यासारखी उठून दिसते, त्यामुळे तीन तासांच्या ध्वनिमुद्रणात वादाची जागा शोधण्यासाठी सगळे ऐकावे लागत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने एका माइकचे एका तासाचे मुद्रण सुमारे ५१८ एमबी होते. पाच माइक आणि तीन तास धरल्यास एका सेशनला पावणेआठ जीबी, आणि एवढ्या ढिगाऱ्यात खुणेशिवाय उतरणे म्हणजे गडाच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, मशालीशिवाय उतरणे होय.

टाळीखेरीज दुसरी एक खूण मला संकलन करताना सापडली, आणि ती आपल्या भाषेनेच दिली आहे. पात्राच्या भूमिकेत असताना मशालजी किल्लेदाराला ‘किल्लेदार’ म्हणतो आणि वैद्य हेराला बिनदिक्कत ‘अगं’ म्हणते. खेळाबाहेर मात्र तो विद्यार्थी काकांना ‘काका’ आणि वकीलबाईंना ‘ताई’च म्हणतो. त्यामुळे वाक्यात ‘काका’ आले की बोलणारा पात्रातून बाहेर पडला, हे समजते. जवळजवळ प्रत्येक वादाचा आरंभ मला टाळीच्या आधी आठ-दहा वाक्यांवर, पहिल्या ‘अहो काका’पाशी सापडला. आता मी खेळताना त्या शब्दाकडे कान देऊन असतो आणि तो येताच टाळीची वाट न पाहता विचारतो : हे किल्लेदाराला सांगायचे आहे की काकांना? निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण मशालजीने किल्लेदारावर रागावणे हा खेळाचा भाग आहे आणि त्याला कोणाचीच हरकत नसते.

तेराव्या सेशनमध्ये आणखी एक मोह आवरावा लागला. किल्लेदाराने दरवाजा ‘लावून घ्या’ म्हटले होते की ‘लोटून घ्या’, यावर काका आणि शिक्षिका अडून बसले, तेव्हा कोणीतरी म्हणाले की रेकॉर्डिंग आहे ना, मागे जाऊन ऐका. आम्ही ऐकले. त्यात पंधरा मिनिटे गेली, शब्द काकांचाच खरा निघाला आणि तरीही शिक्षिकांचे समाधान झाले नाही, कारण त्या क्षणी मी दरवाजाचे वर्णन असे केले होते की तो उघडाच आहे असे कोणालाही वाटावे. ताईंनी मग शांतपणे सांगितले की काय बोलले गेले ते ध्वनिमुद्रण दाखवते, कोणाला काय समजले ते दाखवत नाही. तेव्हापासून सेशन चालू असताना मागचे ऐकायचे नाही, असे ठरले.

आता चौदावे सेशन. गड चढून आलेल्या कोणालाही अंधारीचे वर्णन करावे लागत नाही : तो वळणावळणाचा काळोखा भुयारी मार्ग, वटवाघळांचा वास, आणि पुढच्या पायरीचा अंदाज घेत भिंत चाचपणारा हात. आमच्या कथेत शत्रूची एक टोळी तिथे शिरली होती आणि झटापटीत मशाल विझली. मी पानात लिहिल्याप्रमाणे जाहीर केले की न दिसणाऱ्या शत्रूवर वार करताना पिछाडी, म्हणजे विसाचे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. त्यावर विद्यार्थ्याने मोबाइलमधून मूळ नियम काढला. त्याच भागात पुढे असे आहे की ज्याला तुम्ही दिसत नाही त्याच्यावर वार करताना तुम्हाला सरशी मिळते. आणि सरशी व पिछाडी एकत्र आल्या की त्या एकमेकींना खोडतात, मग एकच फासा टाकायचा. म्हणजे नियमानुसार गुडुप अंधारात दोन आंधळे एकमेकांवर अगदी दिवसाउजेडी असल्यासारखेच वार करतात. भाषांतर करताना मी या नियमाचा पहिला अर्धाच भाग उतरवला होता.

“आरं, आंधळ्याला आंधळा भेटला तर नेम बसतोय कसा?” काका म्हणाले. “काका, नियम तसा हाय, मी काय करू?” विद्यार्थी म्हणाला. फरक किरकोळ नव्हता : अकरा किंवा त्याहून मोठा आकडा हवा असेल तर एका फाशाने पन्नास टक्के संधी असते, पिछाडीने पंचवीस. मशालजीचे प्राण त्या पंचवीस टक्क्यांवर लटकत होते, त्यामुळे त्याचा आवाज चढला. मला माझी चूक ठाऊक होती, त्यामुळे माझा त्याहून चढला. सव्वीस मिनिटे हे चालले. शेवटी ताईंनी त्यांच्या व्यवसायातला उपाय सुचवला : आज अंतरिम आदेश द्या, अंतिम सुनावणी खेळानंतर. मी आदेश दिला की आजच्यापुरती दोन्ही बाजूंना पिछाडी. तोपर्यंत चिडलेला विद्यार्थी “मग तुम्हीच खेळा” असे म्हणाला, पण उठला नाही, फासे टाकले आणि मशालजी वाचला.

खेळानंतर चहा घेताना आम्ही अंधारीसाठी कायमचा नियम ठरवला. शत्रूचा आवाज ऐकू येत असेल तर मूळ नियमाप्रमाणे एकच फासा, आणि तो गप्प उभा असेल तर पिछाडी. हा नियम मुळातल्या तरतुदीपेक्षा खेळायला जास्त मजेदार ठरला, कारण आता पात्रे अंधारात श्वास रोखून उभी राहतात. याच वेळी वादाची वहीही सुरू झाली. तिच्यात डावीकडे अंतरिम आदेश आणि उजवीकडे अंतिम निर्णय लिहितो. टेबलावर वाद मांडायला प्रत्येकी एक मिनिट, तेही वाळूच्या घड्याळावर.

प्रकरण मिटले असे मी समजलो होतो. प्रत्यक्षात ते संकलनात पुन्हा पेटले, आणि तिथे दोष पूर्णपणे माझा होता. सव्वीस मिनिटांची मी चाळीस सेकंदे केली. त्यात नियमाचा एक उल्लेख, माझा आदेश आणि विद्यार्थ्याचे “मग तुम्हीच खेळा” एवढेच राहिले. माझी भाषांतराची चूक, माझा चढलेला आवाज आणि त्याने वाचून दाखवलेला मूळ परिच्छेद हे सगळे गळाले. मी हे मुद्दाम केले नव्हते, मला ते लांबण वाटले होते. त्याने ऐकले आणि दोन दिवस गटावर काहीच लिहिले नाही, मग फक्त एवढेच लिहिले : “सर, यात मी येडा वाटायलोय.” तो बरोबर होता. जो टेबलावर निवाडा देतो त्यानेच नंतर त्या निवाड्याची हकिगत कापावी, हा प्रकार कोणत्याही कचेरीत चालणार नाही, आणि मी तो तेरा सेशने निर्वेधपणे चालवला होता.

त्याचे वाक्य तेवढे वगळून पाहू, असाही प्रयत्न केला आणि फसला. एकाच खोलीत पाच माइक असले की प्रत्येक माइकमध्ये इतर चौघांचे आवाज झिरपतात. त्याची पट्टी बंद केली तरी काकांच्या माइकमधून तो विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येत राहिला. एकाच खोलीत मुद्रण करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे : वादातला एक माणूस काढता येत नाही, काढायचा तर तो पूर्ण तुकडाच काढावा लागतो. म्हणून चौदावे पुन्हा उघडले आहे. टाळी ते टाळी या भागांचे संकलन आता वादात नसलेला खेळाडू करतो, आणि सर्वांनी ऐकून होकार दिल्याशिवाय भाग बाहेर जात नाही. चौदाव्याचा तो तुकडा सध्या शिक्षिकांकडे आहे. त्यांनी तो साडेतीन मिनिटांचा केला आहे आणि माझी चूक त्यात ठळकपणे ठेवली आहे.

पंधरावे सेशन मिठाच्या पोत्यांचे होते. वेढ्यासाठी भरून घेतलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही देवगिरीची सांगीवांगी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या कथेत ती अदलाबदल हेराने केली होती, आणि हे फक्त ताईंना आणि मला माहीत होते. पोती फुटल्यावर ते उघडकीस आले. विद्यार्थ्याचे म्हणणे असे की खेळाडूने खेळाडूच्या पाठीत सुरा खुपसायचा असेल तर तशी शक्यता सेशन झिरोमध्येच, म्हणजे खेळाआधी मर्यादा ठरवायच्या बैठकीतच, मान्य करून घ्यायला हवी होती. ताईंचे म्हणणे असे की हेर निवडला तेव्हाच ती मान्य झाली. हा नियमाचा नसून कराराचा वाद आहे, आणि अशा वादाला वाळूचे घड्याळ पुरत नाही. वहीत त्यापुढे ‘प्रलंबित’ असे लिहिले आहे.

त्याच सेशनमध्ये, धान्य संपल्यानंतरच्या उपासमारीचे वर्णन मी रंगात येऊन करत असताना टेबलावरच्या एक्स-कार्डला हात लागला. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी मांडलेली ही पद्धत आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवली होती : कार्डाला स्पर्श झाला की तो प्रसंग सोडून पुढे जायचे, कारण विचारायचे नाही. सेशन झिरोमध्ये जातिवाचक शिव्या आणि लहान मुलांचे मृत्यू आम्ही वर्ज्य केले होते, भुकेचा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता. ७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो ज्या भागातल्या घरांत अजून आठवले जातात, तिथे तो आधी यायला हवा होता. कार्डाला आवाज नसतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणात फक्त माझे वाक्य मध्येच तुटलेले ऐकू येते. कोणी स्पर्श केला ते इथे लिहीत नाही. तो भाग मी वर्णनासकट, टाळीशिवाय, मूळ फाइलमधूनही काढून टाकला आहे.

सोळावे शांतपणे गेले, त्याचे श्रेय मी हवेला देतो. उन्हाळ्यात रेकॉर्डिंगसाठी कूलर आणि पंखा दोन्ही बंद ठेवत होतो, आणि वहीतल्या वेळा पाहिल्या तर दहापैकी सात वाद दीड तास उलटल्यानंतरचे आहेत. आता दर पन्नास मिनिटांनी थांबतो, कूलर लावतो, माठातले पाणी फिरवतो. फाशांखाली घोंगडीचा तुकडा टाकला आहे, त्याने फाशांचा खडखडाटही गेला.

सतराव्या सेशनआधी अर्धा तास पोत्यांच्या प्रकरणासाठी राखून ठेवला आहे. त्या वेळी सूत्रधाराच्या खुर्चीवर काका बसतील, कारण ताईंबरोबर त्या गुपितात मीही सामील होतो. विद्यार्थ्याने मशालजीऐवजी नवे पात्र आणण्याची परवानगी मागितली आहे. सुनावणी होईपर्यंत मी ती दिलेली नाही आणि नाकारलेलीही नाही. त्याला अंतरिम आदेश काय, असे त्याने काल विचारले. वहीत लिहिले आहे : मशालजी पोत्यांपाशीच बसून आहे, मशाल पेटती आहे.