एक गोल पक्का केला आणि त्यातूनच सगळं विणलं

क्रोशे शिकायचं ठरवलं की आधी डोळ्यासमोर येतात ती मोठमोठी ब्लँकेटं, श्रग, टेबलक्लॉथ. बघायला फार सुंदर, पण नवीन माणसाचं मन तिथेच दडपतं. मला घरासाठी छोट्या छोट्या वस्तू हव्या होत्या, आणि जवळच्या माणसांना द्यायला काहीतरी स्वतःच्या हातचं हवं होतं, म्हणून मी एक ठरवलं की दहा डिझाइनच्या मागे धावायचं नाही, एकच आकार घ्यायचा, तो पक्का करायचा आणि त्यातून जे जे होईल ते करत जायचं. तो आकार म्हणजे सपाट गोल. आज घरातले कोस्टर, बास्केट, उशीचं कव्हर, भेट दिलेली फुलं, बाळासाठी केलेलं खेळणं, सगळं त्या एका गोलातूनच आलंय, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी सामानाबद्दल. सुरुवातीला ४ मिमीची सुई (टोकाला आकडा असलेली क्रोशेची) आणि ८ प्लायचा, म्हणजे मध्यम जाडीचा, सुती दोरा घ्या, रंग फिका घ्या. गडद निळ्या किंवा काळ्या दोऱ्यात टाके दिसतच नाहीत, आणि शिकताना टाका दिसणं हीच सगळ्यात मोठी गरज असते. अगदी बारीक दोरा आणि बारीक स्टीलची सुई नंतर घ्यावी (बारीक सुती दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणजे १० नंबरपेक्षा ४० नंबर बारीक, हे पहिल्यांदा उलटं वाटतं). लोकर की सुती यावर मी बराच विचार केला. अ‍ॅक्रिलिकची लोकर मऊ असते, रंग भरपूर मिळतात, पण गरम भांडं ठेवायचं असेल तर ती अजिबात चालत नाही, उष्णतेने वितळते. शिवाय पाणीही शोषत नाही. त्यामुळे कोस्टर, गरम भांड्याखालची मॅट, पुसायचे रुमाल हे सगळं सुतीच. चमक असलेला सुती दोरा मिळतो तो मर्सराइज्ड, कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला. १८४४ मध्ये जॉन मर्सर यांनी ही प्रक्रिया शोधली म्हणून हे नाव. दिसायला देखणा, टाके एकदम उठून दिसतात, पण पुसायच्या कामाला साधा बिनचमकीचा दोराच जास्त चांगला. आणि लेबलवर रंगाचा लॉट नंबर असतो तो बघून सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यायचे, नाहीतर तोच रंग दोन गुंड्यांत किंचित वेगळा येतो आणि उशीच्या कव्हरवर तो फरक लांबूनही दिसतो.

आता गोलाकडे. साखळी, मुका खांब (बुटका टाका), अर्धा खांब (त्याहून थोडा उंच) आणि खांब (मुक्या खांबाच्या जवळपास दुप्पट उंच) एवढे चार टाके आले की गोल करता येतो. मॅजिक रिंगने (दोऱ्याचं ओढून आवळता येणारं वेटोळं, त्यातच पहिले टाके घालायचे) सुरुवात केली की मधलं भोक ओढून बंद करता येतं. ती जड जात असेल तर चार साखळ्या घालून त्यांचा गोल जोडला तरी चालतं. इथपर्यंत सगळं सोपं वाटतं, आणि खरा प्रश्न पुढच्या फेऱ्यांमध्ये येतो: कडा कधी वर उचलते, कधी तिला झालर पडते, सपाट काही बसत नाही. यावर शेजारच्या काकूंनी मला एक वाक्य सांगितलं, "अगं, टाके मोजू नकोस नुसते, दर फेरीला किती वाढले ते बघ." तिथून सगळं उलगडलं.

हिशोब असा. मुक्या खांबाचा गोल असेल तर रिंगमध्ये ६ टाके आणि दर फेरीला ६ वाढवायचे (वाढ म्हणजे खालच्या एकाच टाक्यात दोन टाके): ६, १२, १८, २४. अर्ध्या खांबाचा असेल तर साधारण ८ ने वाढ. पूर्ण खांबाचा असेल तर १२ ने: १२, २४, ३६, ४८. हे आकडे असेच का, याचा मी खूप विचार केला कारण नुसतं पाठ केलेलं माझ्या लक्षात राहत नाही, आणि उत्तर शाळेतल्या भूमितीत सापडलं. गोलाचा परीघ म्हणजे दोन पाय आर. मुका खांब साधारण जितका रुंद तितकाच उंच असतो, म्हणजे एक फेरी झाली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परीघ सव्वासहा टाक्यांनी, म्हणून ६. पूर्ण खांब जवळपास दुप्पट उंच, म्हणून दुप्पट वाढ, १२. एकदा हे कळलं की कुठलाही दोरा घ्या, कुठलीही सुई घ्या, गोल स्वतःच सांगतो काय हवंय ते. कडा वाटीसारखी वर यायला लागली की वाढ कमी पडतेय, झालर पडायला लागली की वाढ जास्त होतेय. दोन फेऱ्या उसवा आणि पुढे जा. आणि उसवता येतं, दोरा वाया जात नाही, हे क्रोशेचं फार मोठं सुख आहे.

झालरीवरून आठवलं, कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये मुद्दाम वाढ जास्त ठेवून अशा झालरीचे नमुने क्रोशेने विणले, कारण हायपरबोलिक भूमिती (झालरीसारख्या वळणाऱ्या पृष्ठभागांची भूमिती) नावाचा जो प्रकार आहे तो कागदावर समजावणं अवघड जातं आणि विणलेल्या तुकड्यात तो हातात धरून दाखवता येतो. मला हे वाचून इतका आनंद झाला! ज्या सुईने आपण कोस्टर करतो त्याच सुईने कोणीतरी गणित शिकवलं.

अजून एक बारकावा म्हणजे दर फेरीला वाढ त्याच जागेवर आली तर गोलाला कोपरे दिसायला लागतात, मुक्या खांबात तर सरळ षटकोनच होतो. म्हणून एका फेरीत वाढ आधी घ्यायची, पुढच्या फेरीत काही टाके सोडून घ्यायची, मग कड गोल राहते. (षटकोन आवडला तर तसाच ठेवा, षटकोनी कोस्टरही सुंदर दिसतात.) फेरीच्या पहिल्या टाक्यात मार्कर लावायचा, नसेल तर साधी सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा चालतो, आणि खांबाच्या फेरीत सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब हे धरूनच मोजायचं.

पॅटर्न वाचायला लागलात की एका गोष्टीकडे आधी बघा, पॅटर्न अमेरिकन आहे की ब्रिटिश. अमेरिकन लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात तो आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. नाव एकच आणि टाका वेगळा, मग पूर्ण वस्तूचं माप बदलतं. मी हळूहळू चिन्हांच्या चार्टवरच आले. त्यात लंबगोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, आणि आडवी रेघ मारलेला इंग्रजी टी म्हणजे खांब. भाषेची गरजच उरत नाही, आणि डिझाइन कसं दिसणार ते आधीच दिसतं.

कोस्टर सगळ्यात आधी झाले. ८ प्लायच्या दोऱ्यात खांबाच्या चार फेऱ्या केल्या की साधारण १० सेंमीचा गोल होतो आणि कप छान बसतो. शेवटी एक फेरी वेगळ्या रंगाने मुक्या खांबाची घातली की कड घट्ट होते आणि वस्तू पूर्ण झाल्यासारखी दिसते. चार किंवा सहा कोस्टर एकावर एक ठेवून रिबनने बांधले की भेट तयार, आणि माझ्या मते नवीन विणणाऱ्यासाठी याहून चांगली भेट नाही, एका बैठकीत एखादा होतो, सामान कमी लागतं, आणि घेणारा माणूस ते रोज वापरतो.

मग बास्केट. हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. तळ म्हणजे मुक्या खांबाचा तोच गोल, हव्या त्या मापाचा झाला की वाढ थांबवायची. एवढंच! वाढ थांबली की भिंत आपोआप उभी राहते. तळ आणि भिंत यांच्यामध्ये नीट घडी दिसायला हवी असेल तर वाढ थांबवल्यानंतरची पहिली फेरी टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यातून विणायची, कड अशी धारदार येते की बास. बास्केट उभी राहायला दोरा जाड हवा, मी टी-शर्ट यार्न वापरते, त्याला ८ ते १० मिमीची सुई लागते. जुने टी-शर्ट कापून पट्ट्या केल्या तरी चालतं, पट्टी कापून थोडी ओढली की तिच्या कडा आत वळतात आणि छान गोल दोरा होतो. एकच सांगते, जाड दोऱ्याने मनगट लवकर दुखतं, त्यामुळे सलग बसू नका, मध्ये हात सोडा. सुई पेनसारखी धरा किंवा सुरीसारखी, दोन्ही बरोबर आहे, हाताला जे सोसेल ते. कुंडीचं कव्हर, पेन ठेवायचा डबा, रिमोट ठेवायची टोपली, मेकअपचं सामान, सगळं याच पद्धतीने होतं, फक्त तळाचं माप बदलायचं.

उशीच्या कव्हरसाठी दोन सारखे मोठे गोल केले, एकावर एक ठेवले आणि कडेने मुक्या खांबाने जोडत गेले, पाऊण भाग झाला की उशी आत घालायची आणि मग उरलेला भाग बंद करायचा. गोल उशीपेक्षा दोनेक सेंमी लहानच ठेवायचे, म्हणजे ४० सेंमीच्या उशीला ३८ चा गोल, कारण विणकाम ताणलं जातं आणि ताणून बसलं तरच टाके उघडून छान दिसतात.

ग्रॅनी स्क्वेअरची, म्हणजे मधून बाहेर विणत जायच्या चौकोनाची, मला उगाच भीती वाटायची, वेगळं काहीतरी असेल म्हणून. पण मोजून बघितलं तर पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. म्हणजे हिशोब खांबाच्या गोलाचाच, फक्त सगळी वाढ चार कोपऱ्यांत नेऊन ठेवायची, तीन खांब, दोन साखळ्या, परत तीन खांब एकाच जागेत, म्हणून गोलाचा चौकोन होतो. हे लक्षात आलं आणि मी त्याच दिवशी उरलेल्या सगळ्या रंगांचे चौकोन विणायला बसले. त्यांचा टेबल रनर केलाय.

फुलांना वेळ सगळ्यात कमी लागतो. मधला छोटा गोल, त्याच्या कडेला दोन साखळ्या, एकाच टाक्यात तीन खांब, परत दोन साखळ्या आणि स्लिप टाका (उंची नसलेला, नुसता जोडायचा टाका), की झाली एक पाकळी. अशा पाच पाकळ्या. मागे पिन लावली की ब्रोच, क्लिप लावली की केसांना, तारेवर चढवली की फुलदाणीत, बुकमार्कच्या टोकाला लावली तर पुस्तक वाचणाऱ्या मैत्रिणीला द्यायला मस्त. घाईत भेट द्यायची असेल तर मी फुलंच करते.

खेळण्यांकडे मात्र जरा जपून, म्हणजे अवघड आहे म्हणून नाही, बाळाच्या हातात जाणार म्हणून. अमिगुरुमी (आत फायबर, म्हणजे कापसासारखं भरण, घातलेली विणलेली खेळणी) म्हणजे तोच मुक्या खांबाचा गोल, ६ ने वाढवत न्यायचा, मग काही फेऱ्या न वाढवता सरळ, मग ६ ने कमी करत बंद, की चेंडू. ३६ टाक्यांपर्यंत वाढवलं असेल तर साधारण सहा फेऱ्या सरळ विणल्या की आकार गोल येतो. फेऱ्या जोडायच्या नाहीत, सलग गोल गोल जायचं. सुई दोऱ्याला सांगितलेल्या मापापेक्षा एक-दीड मिमी लहान घ्यायची म्हणजे टाके घट्ट येतात आणि आतला फायबर बाहेर दिसत नाही. टाके कमी करताना दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या धाग्यातून सुई घातली तर ती जागा ओळखूच येत नाही. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी प्लास्टिकचे डोळे, मणी, बटणं अजिबात लावू नका, पाकिटावर सेफ्टी आइज असं लिहिलं असलं तरी नाही. दोऱ्यानेच डोळे भरा, ते दिसतातही जास्त गोड. बहिणीच्या बाळासाठी मी ससा केला, डोळे दोऱ्याचे, कान दोनदा शिवून पक्के केलेले, तरी ओढून ओढून तपासला आणि मगच दिला.

शेवटच्या कामाचा कंटाळा बहुतेकांना येतो पण भेटवस्तूचं खरं रूप तिथेच येतं. दोऱ्याची टोकं कापताना कमीत कमी १५ सेंमी ठेवा, शिवणाच्या जाड सुईने टाक्यांच्या आतून एकदा एका दिशेने, परत उलट दिशेने ओवा, मग कापा, नुसती गाठ मारून सोडली तर धुतल्यावर सुटते. सुती वस्तू ओली करून, टॉवेलवर पिनांनी मापात लावून वाळवली की कडा सरळ येतात, त्याला ब्लॉकिंग म्हणतात, आणि त्यानंतर तीच वस्तू इतकी वेगळी दिसते की मी आता हे न करता काहीच देत नाही. अ‍ॅक्रिलिकला पाण्याने तितका फरक पडत नाही आणि इस्त्री तर थेट टेकवायचीच नाही, ते वितळून चपटं होतं आणि परत पूर्वीसारखं होत नाही. बारीक दोऱ्याची डॉइली (जाळीदार नक्षीचा छोटा रुमाल) ताठ हवी असेल तर कॉर्नफ्लोअरची पातळ खळ पुरते.

भेटीबरोबर एक छोटं कार्ड मी नेहमी ठेवते, त्यावर दोरा कुठला आहे आणि धुवायचं कसं तेवढं लिहिते: सुती असेल तर थंड पाण्यात हाताने, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळवायचं. ज्याला भेट मिळते त्याला हे माहीत नसतं, आणि मग तो ती वस्तू खराब होईल म्हणून कपाटात ठेवून देतो. सध्या माझ्या सुईवर टी-शर्ट यार्नची पायपुसणी आहे, पूर्ण खांबाची, दर फेरीला १२ ची वाढ, पाचवी फेरी चालू आहे म्हणजे ६० टाके, आणि अजून तरी कड सपाट आहे.