थिअरी तर पास झाले, पुढे काय?

ड्रायव्हिंगची थिअरी टेस्ट पास झाले म्हणून घरी फोन केला तर बाबांचा पहिला प्रश्न, "अगं पण तुला गाडी येते ना?" येते की! आठ वर्षं कोथरूड ते हिंजवडी चालवली आहे, पावसाळ्यात, गणपतीत, सगळं करून झालंय. पण इंग्लंडमध्ये राहायला आलं की आपलं भारतातलं लायसन्स फक्त पहिले १२ महिने चालतं, आणि मी ते वर्ष "बघू नंतर" म्हणत मजेत घालवलं. तेरावा महिना लागला आणि मी एकदम शिकाऊ! ३४ पौंड भरून प्रोव्हिजनल लायसन्स काढलं, गाडीला पुढेमागे लाल एलचा बोर्ड लावला आणि पुस्तक घेऊन अभ्यासाला बसले.

थिअरीचं फार सांगत नाही, ती अभ्यास केला की होते. ५० प्रश्न, त्यात ४३ बरोबर हवेत, मग हॅझर्ड परसेप्शनचे, म्हणजे रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखायचे व्हिडिओ, तिथे ७५ पैकी ४४. मला ४७ आणि ५२ मिळाले, घरी शिरा केला, आणि मग मी सगळ्यात मोठी चूक केली, ती म्हणजे दोन महिने काहीच केलं नाही. थिअरी पास झाल्याची मुदत दोनच वर्षं असते, तेवढ्यात प्रॅक्टिकल झाली नाही तर परत पहिल्यापासून. दोन वर्षं म्हणजे खूप वाटतात ना? जूनमध्ये थिअरी झाली, ऑगस्टच्या शेवटी साइट उघडली तर जवळच्या सेंटरची तारीख थेट फेब्रुवारीची. म्हणून माझं ऐका, शिरा करायच्या आधी तारीख घ्या. गाडी नीट आली की बुक करू असं म्हणू नका, आधी बुक करा, मग शिका, तेवढ्या महिन्यांत येतं सगळं. फी वीकडेला ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. तयारी नाही असं वाटलं तर तारीख पुढे ढकलता येते, फक्त टेस्टच्या आधी पूर्ण १० वर्किंग डे शिल्लक असताना, नाहीतर पैसे गेले. आणि हो, आरटीओबाहेर उभे राहतात तसे एजंट इथेही आहेत, ऑनलाइन, लवकरची तारीख काढून देतो म्हणून कितीही पैसे मागतात. त्यांच्या नादी लागू नका, सरकारी साइटवर रोज सकाळी चहाबरोबर डोकावायचं, कोणाची तरी तारीख रद्द झालेली असते.

मग इन्स्ट्रक्टर. गाडीच्या काचेवर हिरवा अष्टकोनी बॅज असेल तर तो पूर्ण पात्रतेचा, गुलाबी त्रिकोण असेल तर तो स्वतःच अजून ट्रेनिंगमध्ये आहे. मला हे माहीत नव्हतं, मी पहिल्या माणसाला तासाचे ३८ पौंड देत राहिले आणि चौथ्या क्लासला लक्षात आलं की त्रिकोण आहे. वाईट नव्हता तो, पण अर्धा वेळ स्वतःच्या परीक्षेबद्दल बोलायचा. अजून एक, ऑटोमॅटिकवर टेस्ट दिलीत तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. मला क्लच येत होता म्हणून मी मॅन्युअल ठेवलं, पण आयुष्यात कधी चालवलीच नसेल गाडी तर उगाच हट्ट करू नका, पुढे कोणी विचारत नाही.

क्लास महाग पडतात म्हणून घरच्या गाडीवर प्रॅक्टिस लागतेच, आणि तिथे नवऱ्याचा उपयोग शून्य. शेजारी बसणाऱ्याचं वय निदान २१ हवं आणि त्याच्याकडे पक्कं लायसन्स तीन वर्षं असायला हवं, नवऱ्याचं झालं होतं दोन. शेवटी धावून आले शेजारचे अंकल. आम्ही राहतो स्विंडनला, इथे गोव्याची माणसं खूप आहेत, अंकल मडगावकडचे, वीस वर्षं इथे गाडी चालवतायत. आधी शिकाऊचा इन्शुरन्स काढला (विना इन्शुरन्स सापडलात तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट, गंमत नाही), मग दर रविवारी चर्चवरून आले की अंकल शेजारच्या सीटवर, मोबाइल खिशात, कारण शिकवणाऱ्यालाही फोन वापरायला बंदी आहे. मी जरा ॲक्सिलरेटर दाबला की शांतपणे म्हणायचे, "सवकास गो."

स्विंडनमध्ये एक मॅजिक राउंडअबाउट आहे. नाव गोड आहे, वस्तू भयंकर. १९७२ साली बांधलेला चौक, मध्ये एक गोल, त्याच्याभोवती पाच छोटे गोल, छोट्या गोलांना घड्याळाच्या दिशेने जायचं आणि मधल्या मोठ्या गोलाभोवती उलट्या! स्वारगेटचा चौक पार केलेल्या बाईला काय घाबरायचंय असं मी मनात म्हणलं होतं. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा लाइनपाशी थांबले ती थांबलेच, मागे सात गाड्या, आणि सातातल्या एकानेही हॉर्न मारला नाही. ती शांतता मला जास्त लागली. मारा ना रे कोणीतरी!

त्या दिवशी कळलं की माझं नेमकं काय चुकतंय. पुण्यात आपण पुढे बघून चालवतो, मागे कोण आहे, डावीकडून कोण घुसतोय हे तो स्वतः हॉर्न वाजवून सांगतो, ती बिचाऱ्याची जबाबदारी. इथे कोणी काही सांगत नाही. म्हणून आरसा. सिग्नल द्यायच्या आधी आरसा, वेग बदलायच्या आधी आरसा, लेन बदलायच्या आधी आरसा आणि वर खांद्यावरून एक नजर. मी आठ वर्षं कानाने गाडी चालवत होते, आता डोळ्याने चालवायची होती, आणि ती सवय लागायला मला क्लच शिकायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागला. घरात भाजी चिरतानासुद्धा डावीकडे बघायला लागले होते, नवरा हसायचा.

फेब्रुवारीत टेस्ट. आधी २० मीटरवरची नंबरप्लेट वाचायला लावतात, ती चुकली तर गाडीत बसायचीही गरज नाही. मग टायर, ब्रेकबद्दल एखादा प्रश्न, मग साधारण ४० मिनिटं ड्रायव्हिंग, त्यातला काही वेळ नॅव्हिगेशन किंवा पाट्या बघून आपलं आपण जायचं. त्यात रस्ता चुकला तर नापास करत नाहीत हे लक्षात ठेवा, मी ऐकलेलं असूनही घाबरले, वळण हातचं जातंय म्हणून शेवटच्या क्षणी डावी लेन घेतली, आरशात न बघता. मागच्या व्हॅनला ब्रेक मारावा लागला. छोट्या चुका १५ पर्यंत चालतात, माझ्या फक्त ६ होत्या, पण मोठी एकही चालत नाही, आणि ही मोठी होती. एक्झामिनर बाई इतक्या प्रेमाने "सॉरी" म्हणाल्या की मला आधी वाटलं पासच झाले.

नापास झालं की पुढची टेस्ट निदान १० वर्किंग डे सोडून घेता येते. मला रद्द झालेली एक तारीख एप्रिलमध्ये मिळाली, आणि झाले पास. बाबांना फोन केला तर म्हणाले, "मग एवढे दिवस काय करत होतीस?"

पास झाल्यावरसुद्धा पहिली दोन वर्षं जपून हं, ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द आणि थिअरी-प्रॅक्टिकल दोन्ही परत. नव्या ड्रायव्हरचा हिरवा पीचा बोर्ड लावायचा की नाही ती आपली मर्जी, मी लावला, लोक जरा अंतर ठेवतात.

दुसऱ्याच दिवशी पहिल्यांदा एकटी निघाले, शेजारी अंकल नाहीत, सीटवर नुसती भाजीची पिशवी. मॅजिक राउंडअबाउटला आरसा, सिग्नल, आरसा, सगळं व्यवस्थित केलं, जायचं होतं ड्रोव्ह रोडला आणि बाहेर पडले क्वीन्स ड्राइव्हला. पण सिग्नल बरोबर दिला होता, म्हणून तशीच सरळ गेले आणि पुढच्या राउंडअबाउटवरून वळून आले.