तुम्ही विचारलंत म्हणून : माजी सैनिकाच्या धंद्याला टॅक्स माफ असतो का?

फौजेतून घरी आलेला माणूस धंदा टाकायच्या बेतात असला की हमखास विचारतो, "साहेब, आम्हाला टॅक्स माफ असतो ना?" मी रिटर्न भरून देण्याचं काम करतो. माझं उत्तर असं की सेवेतून मिळालेल्या काही पैशांना माफी आहे, धंद्याच्या नफ्याला नाही.

गैरसमज का होतो ते मला कळतं. निवृत्त होताना हाती येणारी मोठी रक्कम खरोखरच करमुक्त असते : ग्रॅच्युइटी, पेन्शन विकून मिळालेलं कम्युटेशन, शिल्लक रजेचे पैसे. परमवीर, महावीर किंवा वीर चक्र मिळालेल्यांचं पेन्शन करमुक्त. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी ज्यांना फौज सोडावी लागली, त्यांचं अपंगत्व पेन्शनही. इतकं सगळं माफ असताना दुकानाचा गल्लाही त्यातच धरला जाईल असं वाटणं साहजिक आहे.

पण दरमहा येणारं साधं पेन्शन आयकराच्या हिशेबात पगार असतं, आणि धंद्याचा नफा त्याच्यावर चढतो. खरी अडचण इथेच होते. समजा पेन्शन वर्षाला ६ लाख आणि धंद्याचा नफा ९ लाख. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आतले, म्हणजे कर शून्य. फौजेचं पेन्शन देणाऱ्या 'स्पर्श' प्रणालीला फक्त पेन्शन दिसतं, त्यामुळे टीडीएसही (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापला जात नाही. माणूस निर्धास्त राहतो. रिटर्न भरताना मात्र बेरीज होते : पेन्शनमधून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली तरी एकूण उत्पन्न सव्वाचौदा लाख. २०२५-२६ च्या दरांनी त्यावर सेससकट ९७,५०० रुपये कर बसतो, आणि आगाऊ कर भरलेला नसल्यामुळे वर व्याज. नोकरीत असताना कर पगारातूनच कापून जायचा, जवानाला कधी तारीख लक्षात ठेवावी लागली नाही. आता ते काम त्याच्यासाठी कुणीच करत नाही, आणि हे त्याला निरोप समारंभाच्या आधीच कुणीतरी बसवून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त कर उरत असेल तर तो आगाऊ कर म्हणून जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत हप्त्यांनी भरायचा. साठी ओलांडलेल्या पेन्शनरांना यातून सूट आहे, पण धंद्याचं उत्पन्न सुरू झालं की ती जाते.

छोट्या धंद्याला आयकर कायद्यातल्या ४४एडी कलमाचा मार्ग सोपा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, पण बोलताना सगळे अजून जुनाच आकडा घेतात.) उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर रोखीतल्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरता येतो. आगाऊ करही १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतं. कमिशनवर किंवा एजन्सीवर चालणाऱ्या धंद्याला मात्र ही सोय नाही.

सिक्युरिटी एजन्सी काढणाऱ्यांनी जीएसटीकडे आधी पाहावं. हातात पडतो तो थोडा सेवाआकार, बाकी सगळा गार्डांचा पगार. उलाढाल मात्र पूर्ण बिलाची मोजतात, त्यामुळे सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा वर्ष संपायच्या आत सहज ओलांडली जाते. एजन्सी एकट्याच्या नावावर असेल आणि ग्राहक जीएसटीत नोंदलेला असेल, तर गार्ड पुरवण्यावरचा १८ टक्के कर साधारणपणे ग्राहकच भरतो. ग्राहक नोंदलेला नसेल तर तो तुम्ही बिलात लावून भरायचा. दर ठरवण्याआधी समोरचा नोंदलेला आहे की नाही, ते विचारून घ्या.

पहिल्या वर्षी तोटा झाला तर? तो पेन्शनमधून वजा होत नाही, कारण पगारातून धंद्याचा तोटा वजा करायला कायद्याने मनाई आहे. फंडाच्या एफडीवरच्या व्याजातून होतो. तरीही उरला तर पुढची ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वळता करता येतो, पण त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तरच. तोटाच झालाय, कर काही बसत नाही, मग रिटर्न कशाला, असं म्हणून सोडून देणारे पाहिले की मला हळहळ वाटते. भांडवल बुडालेलं असतंच, वर हा हक्कही जातो.

करप्रणाली निवडतानाही घाई नको. नुसतं पेन्शन असलेला दरवर्षी जुनी-नवी बदलू शकतो. धंदा असलेल्याने जुनी निवडली, तर नवीत परत यायची संधी एकदाच मिळते.

आणि धंद्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. कम्युटेशनचे पैसे भांडवल म्हणून त्यात वळवा आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत हिशेबाच्या फाइलला लावून ठेवा. म्हणजे ही रक्कम कुठून आली असं उद्या कुणी विचारलं, तर कागद दाखवता येईल.