ठाणे–मालवण, दोन दिवस चार डाइव्ह: पाण्याखालचा पहिला कॅमेरा कोणता घ्यावा

शुक्रवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या, शनिवारी सकाळी कुडाळ, तिथून एसटीने किंवा रिक्षाने तीसेक किलोमीटरवर मालवण. दोन दिवसांत चार डाइव्ह आणि रविवारी रात्री परतीची कोकणकन्या. नवी मुंबईकरांनी हीच गाडी पनवेलला पकडावी. आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि थंडीतले शनिवार-रविवार लगेच भरतात. पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असते. फोटोंसाठी जायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी.

साधने निवडण्याआधी मालवणचे पाणी समजून घ्यायला हवे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या जागा उथळ आहेत, साधारण ५ ते ८ मीटर. पाणी हिरवट, त्यात गाळाचे कण. या फेरीत चार-पाच मीटरपलीकडचे काही धड दिसत नव्हते. अशा पाण्यात मेगापिक्सेल काही कामाचे नाहीत. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये जितके कमी पाणी, तितका फोटो स्वच्छ. वस्तू हाताच्या अंतरात असेल तरच बटण दाबावे. नवशिक्याचे नव्वद टक्के फोटो वाया जातात ते लांबून काढल्यामुळे, कॅमेरा स्वस्त असल्यामुळे नाही.

तीन प्रकारची साधने पाण्यात गेली. गोप्रोसारखा अॅक्शन कॅमेरा नवशिक्यासाठी सर्वांत सोपा. गोप्रोच्या हीरो मालिकेतला कॅमेरा हाउसिंगशिवाय, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या कडक डब्याशिवाय, १० मीटरपर्यंत चालतो, कंपनीच्या हाउसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत. डीजेआयचा ऑस्मो अॅक्शन ४ नुसता १८ मीटरपर्यंत जातो. ओपन वॉटर डाइव्हरची (पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र असलेल्याची) मर्यादाही नेमकी १८ मीटरच, म्हणजे हाताशी शिल्लक शून्य. उघड्या कॅमेऱ्याला बॅटरीच्या झाकणाचे एकच सील असते आणि ते नीट बसले नाही तर दोन मीटरवरही पाणी शिरते. म्हणून हाउसिंग हवेच. या कॅमेऱ्यांची खोट एवढीच, की साधारण ३० सेंटीमीटरच्या आत गेलात तर चित्र धूसर होते. बोटाएवढे जीव टिपायचे असतील तर ऑलिंपस, म्हणजे आताच्या ओएम सिस्टिमचा टीजी-६ किंवा टीजी-७ बघावा. तो नुसता १५ मीटरपर्यंत चालतो आणि १ सेंटीमीटरवरूनही फोकस पकडतो. महाग आहे, पण समुद्रफुलाच्या सोंडा आणि प्रवाळाचा पोत त्यातच दिसला.

तिसरे साधन मोबाइल. गळ्यात लटकवायची प्लॅस्टिकची पिशवी डाइव्हिंगची नाही, ती किनाऱ्यावर डुंबायची. खाली दाबाने प्लॅस्टिक काचेला चिकटते आणि टच चालत नाही. फोनवर आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेले असले तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली. फोनच वापरायचा तर ब्लूटूथ बटणांचे कडक हाउसिंग घ्यावे. मात्र एका गळतीत फोन, त्यातले संपर्क आणि परतीचे तिकीट एकदमच जाईल, हेही धरून चालावे.

पैशांचे गणित सोपे ठेवावे: निम्मे कॅमेऱ्याला, उरलेले हाउसिंग, हँडलचा ट्रे (कॅमेरा बसवायची पट्टी), लाइट आणि जादा बॅटरीला. एक-दोन पिढ्या जुना हीरो घेतला तर लाइटचे पैसे सुटतात. फोर्टातल्या बोरा बाजारात घ्या किंवा ऑनलाइन, पक्के जीएसटी बिल आणि त्यावर सीरियल नंबर मागावा. जुना घेताना बॅटरीचे झाकण उघडून बघावे. संपर्कपट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर आत कधीतरी पाणी गेलेले आहे. तो घेऊ नये.

लाइटवर मात्र कंजूषी नको. पाणी आधी लाल रंग खाते. पाच मीटरवरच तांबडा मासा मातकट दिसू लागतो आणि तो रंग परत आणतो लाइटच. किमान १००० ल्युमेन आणि रुंद झोताचा व्हिडिओ लाइट घ्यावा. अरुंद झोताच्या साध्या टॉर्चने फोटोच्या मधोमध पांढरा गोळा येतो. लाइट लेन्सच्या बाजूला वीत-दीड वीत लांब, ट्रेला जोडलेल्या दांडीवर लावावा आणि जरा बाहेरच्या दिशेला वळवावा, म्हणजे झोताची फक्त कड वस्तूवर पडते. सरळ समोर मारलात तर माळशेज घाटातल्या धुक्यात हाय बीम टाकल्यासारखे होते: कणच चमकतात, मासा हरवतो. लाइट नसेल तर हिरव्या पाण्यात मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) फिल्टर, निळ्या पाण्यात लाल. लाइट लावताना फिल्टर काढायचा, नाहीतर फोटो गुलाबी होतो.

खरी परीक्षा ठाण्यातच घ्यावी. रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवून बंद करावे आणि बादलीत वर वजन ठेवून तासभर बुडवावे. टिश्यू ओला झाला तर सीलमध्ये केस, वाळू किंवा टॉवेलचा धागा आहे. बहुतेक गळती उथळ पाण्यातच होते, कारण सील घट्ट दाबायला तिथे पुरेसा दाब नसतो. त्यामुळे बादलीची परीक्षा दिसते तितकी पोरकट नाही. सील बोटाने काढावे, टोकदार वस्तूने नाही. सिलिकॉन ग्रीस पुस्तिकेत सांगितले असेल तरच, तेही पातळ. अॅक्शन कॅमेऱ्यांचे सील सहसा कोरडेच वापरतात. व्हॅसलीन, खोबरेल तेल नको.

पहिल्या डाइव्हला एका हाउसिंगची लेन्स आतून धुरकट झाली आणि अर्धा तास फुकट गेला. कारण ते जेटीवरच्या दमट हवेत बंद केले होते, मग बोटीवर उन्हात तापले आणि गार पाण्यात गेले. पुढच्या तीन डाइव्हना हाउसिंग रात्रीच एसी खोलीत बंद केले, आत सिलिका जेलची पट्टी ठेवली आणि बोटीवर ओल्या पंच्यात गुंडाळून सावलीत ठेवले. धुके परत आले नाही. एसीची खोली त्यासाठी घ्यायची, चैनीसाठी नाही.

सेटिंग वर कोरड्यावरच लावून टाकावी: ४के, ३० फ्रेम, आयएसओची (प्रकाशसंवेदनशीलतेची) कमाल ८००, वायफाय बंद. हाउसिंगमध्ये टच चालत नाही. कॅमेरा वेटोळ्या दोरीने बीसीडीच्या (हवा भरायच्या डाइव्हिंग जाकिटाच्या) डी-रिंगला, म्हणजे कडीला, अडकवावा. ज्यांची पहिलीच ट्राय डाइव्ह (प्रमाणपत्राशिवाय, इन्स्ट्रक्टरसोबत घ्यायची डाइव्ह) आहे त्यांनी कॅमेरा खोलीत ठेवावा. व्हिडिओ बहुधा इन्स्ट्रक्टरच काढून देतो. तरंगण्यावर ताबा नसताना कॅमेरा हातात आला की गुडघे प्रवाळावर टेकतात. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि तुटलेला तुकडा उचलणेही गुन्हा. माशांना पाव टाकून जवळ बोलावू नये. फोटोत मासा कमी आणि पावाचा चुरा जास्त येतो.

रविवारी गाडी पकडण्याआधी हाउसिंग न उघडता गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवावे आणि प्रत्येक बटण दहा वेळा दाबावे. मिठाचे खडे बटणाच्या दांडीत अडकले की पुढच्या फेरीत तिथूनच गळते. पुसून सुकवावे, मगच उघडावे. आत पाणी गेलेच तर लगेच बंद करून बॅटरी काढावी आणि चार्जरला लावू नये. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही.

पुढची फेरी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीची असेल तर मत्स्यगंधा एक्सप्रेस ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे थांबते. तिथले पाणी निळे आणि बरेच स्वच्छ, तेव्हा मॅजेंटा घरी ठेवून लाल फिल्टर न्यावा.