गोकुळपेठेतलं घर

लिफ्ट नाही, दुसरा मजला, कार्पेट जेमतेम ४२० चौरस फूट. तरी नागपुरातल्या गोकुळपेठेतला हा जुना फ्लॅट मी घेतलाच. खाली उतरलं की भाजीबाजार, शंकरनगरचं मेट्रो स्टेशनही पायी गाठता येतं. आई म्हणाली, "अगं, एवढ्या पैशात शहराबाहेर बेसाला मोठा मिळाला असता!" मिळाला असता, पण मला ही वर्दळच हवी होती.

जागा लीजची, म्हणजे भाडेपट्ट्याची, म्हणून वकिलांनी लीजच्या नूतनीकरणाचे कागद पाहिल्यावरच मी इसार दिला. रजिस्ट्री माझ्या एकटीच्या नावावर. महिलांना २०२१पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ती मिळाली.

बेडरूमच्या खिडकीला कुलरचं लोखंडी स्टँड आहे, शेजारीच पाण्याचा नळ. ते पाहिलं आणि माझं ठरलं. नागपूरचा मे महिना काढलेल्यांना कारण सांगायला नको.