सोन्याचे कण आणि बॅक्टेरिया

सोनं लाल दिसतं हे माहितीये का? म्हणजे सोन्याचे १०-२० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण पाण्यात असले की ते पाणी मस्त लालभडक दिसतं, आणि तेच कण एकमेकांना चिकटले की रंग जांभळा-निळा होतो, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की नुसत्या या रंगबदलावर बॅक्टेरिया पकडता येतात! कणांवर अँटिबॉडी (जंतू ओळखून त्याला चिकटणारं प्रोटीन) लावायची, ती ठरावीक बॅक्टेरियालाच धरते, ई. कोलायसारखा जंतू साधारण २ मायक्रॉन (२००० नॅनोमीटर) लांब म्हणजे कणाच्या शंभरपट, मग त्याच्या अंगावर ढीगभर कण बसतात आणि रंग पालटतो. प्रेग्नन्सी टेस्टमधली ती लाल रेघ बहुतेक वेळा अशाच सोन्याच्या कणांची असते बरं का.

कल्चर रिपोर्टला, म्हणजे सॅम्पलमधले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायला, एक-दोन दिवस सहज जातात, तोवर पेशंटला अंदाजानेच अँटिबायोटिक द्यावं लागतं, म्हणून मिनिटांत उत्तर देणारी टेस्ट मला खरंच फार गरजेची वाटते.

अडचण सॅम्पलची आहे. रक्तात, दुधात इतकी प्रोटीन्स असतात की ती कणांना आधीच चिकटून बसतात, त्यामुळे आधी चुंबकीय कणांनी बॅक्टेरिया ओढून वेगळे काढतात. आणि जंतू जिवंत की मेलेला, कुठल्या औषधाला दाद देईल, हे अँटिबॉडी सांगत नाही, त्यासाठी कल्चर अजून लागतंच.